आकडा नको, वेळ सांगा

सकाळी सातला फोनवर ‘एक्यूआय १८०, मध्यम’ असं दिसतं आणि माणूस ठरवतो, चला, फिरून येऊ. हा निर्णय चुकीच्या माहितीवर घेतलेला असतो आणि चूक त्या माणसाची नसते. आपल्याकडे धूलिकणांसाठीचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, गेल्या चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात. कालची दुपार, कालची संध्याकाळ, मधली रात्र आणि आजची पहाट, या सगळ्यांची मिळून ती एक संख्या असते. आत्ता तुमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर काय आहे, ते तिच्यात शोधू नका. तरीही तिच्या डोक्यावर ‘लाइव्ह’ असं लिहिलेलं असतं, आणि माझा पहिला राग त्या शब्दावर आहे.

हिशेब करून पाहू. समजा, जानेवारीतल्या एका दिवशी एखाद्या केंद्रावर सकाळी सहा ते नऊ या वेळात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, घनमीटरमागे १४० मायक्रोग्रॅम होते. दुपारी वारा सुटला, ते ४० वर आले. रात्री पुन्हा चढले. चोवीस तासांची सरासरी निघाली ८५. आपल्या पट्टीवर ८५ मायक्रोग्रॅमचा निर्देशांक १८० च्या थोडा पुढे येतो. वर्ग मध्यम, रंग पिवळा. तीच १४० मायक्रोग्रॅमची हवा दिवसभर टिकली असती, तर तिला हीच पट्टी ‘अति खराब’ म्हणाली असती आणि फलकावर लाल रंग आला असता. सकाळी धावणाऱ्याच्या छातीत लाल हवा गेली आणि डोळ्यांना पिवळा रंग दिसला.

उलटंही घडतं. अवकाळी सर येते, हवा धुतली जाते, पण आकडा रात्रीपर्यंत वरच राहतो, कारण सरासरीत अजून कालचा धूर आहे. दम्याच्या मुलाची आई त्याला दिवसभर कोंडून ठेवते. खिडक्या उघडायला त्या दिवसाइतकी चांगली वेळ आठवड्यात दुसरी नसते, आणि ते तिला कुणी सांगत नाही.

सरासरी काढणं हा गुन्हा नाही. आपली मानकंच चोवीस तासांची आहेत: पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम, पीएम १० साठी १००. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मिळून हा निर्देशांक तयार केला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो सुरू झाला. मंडळाचं रोजचं पत्रक संध्याकाळी चारला निघतं, त्यात गेल्या चोवीस तासांचा हिशेब असतो. ते पत्रक प्रामाणिक आहे, कालचं काल म्हणून सांगतं. गोंधळ होतो तो त्याच पद्धतीचा आकडा तासातासाला सरकवून ‘आत्ताची हवा’ म्हणून लोकांच्या हातात दिला की. अमेरिकेत यासाठी ‘नाऊकास्ट’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात मागच्या बारा तासांची मापं घेतात आणि हवा झपाट्याने बदलत असेल तर ताज्या तासांना जास्त वजन देतात. गणित अवघड नाही. आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर तासागणिक मापं असतातही. पण ती संशोधकाला सापडतील अशा जागी असतात. नातवाला बालवाडीत सोडायला निघालेल्या आजोबांनी ती कुठे शोधायची?

*

आता दोन फोन, दोन आकडे. एकाच खोलीत नवऱ्याच्या फोनवर १००, बायकोच्या फोनवर १५४. भांडण ठरलेलं. दोघांचंही बरोबर आहे. हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर भारतीय पट्टी १०० दाखवते आणि तिला समाधानकारक म्हणते. अमेरिकेची २०२४ मध्ये सुधारलेली पट्टी त्याच हवेला १५४ देते आणि सर्वांच्याच प्रकृतीला अपायकारक ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी घातलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ही हवा तिच्या चौपट. हवा एकच आहे, पट्ट्या तीन आहेत.

१८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा सरकारी निर्देशांक ४९४ होता, आणि त्याच सुमारास खासगी ॲप हजाराच्या वरचे आकडे दाखवत होते. आपली पट्टी ५०० ला संपते, त्यापुढे कितीही धूर झाला तरी ती ५०० च म्हणते. खासगी ॲपची पट्टी वेगळी आणि त्यांनी ती पुढे वाढवलेली. मग वाहिन्यांवर दोन तट पडले. एक म्हणे सरकार लपवतंय, दुसरा म्हणे परदेशी कंपनी घाबरवतेय. त्या आरडाओरड्यात मायक्रोग्रॅम किती होते, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळलं नाही. निर्देशांकाशेजारी मायक्रोग्रॅम लिहा, एवढी साधी सक्ती केली तर हे भांडण एका दिवसात मिटेल. सरकारी फलकांनी तर उद्यापासून लिहावं.

आणखी एक गोष्ट त्या फलकांवरून गायब असते. प्रत्येक वर्गासोबत आरोग्याचा इशाराही अधिकृतपणे ठरलेला आहे. ‘समाधानकारक’ वर्गातही संवेदनशील माणसांना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो, असं मंडळाचंच म्हणणं आहे. ‘मध्यम’ वर्गात फुप्फुसाचा आजार असलेल्यांना श्वास घ्यायला जड जाऊ शकतं. हृदयरोगी, मुलं आणि वृद्ध यांनाही त्रास होऊ शकतो. हे सरकारनेच लिहिलेलं आहे. चौकातल्या फलकावर रंग येतो, नाव येतं, हे वाक्य येत नाही. ज्याच्यासाठी ते लिहिलं, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचं एक यंत्र होतं. सरकारी आकड्यावर विश्वास नसलेले बरेच लोक त्याच्याकडे पाहायचे. मार्च २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या आपल्या वकिलातींमधल्या यंत्रांची माहिती देणं थांबवलं. हवा आपली, फुप्फुसं आपली. हवेच्या मापासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याची वेळ आपल्यावर यायलाच नको होती.

*

‘मुंबईने दिल्लीला मागे टाकलं.’ फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रदूषणाचा मथळा सगळ्यांनी वाचला. असे मथळे जगातल्या शहरांच्या ज्या थेट क्रमवारीवरून येतात, ती क्षणाक्षणाला बदलणारी असते. आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा दुसऱ्या खंडातल्या शहरात भर दुपार किंवा मध्यरात्र असते. हवेचा दिवसभराचा चढउतार एवढा मोठा असतो, की एका शहराची सकाळ दुसऱ्या शहराच्या दुपारशी ताडून क्रमांक लावण्यात काहीच अर्थ उरत नाही. दोन तासांनी तीच यादी वेगळी दिसते, मथळा मात्र छापून झालेला असतो. संपादकांना विनंती आहे: क्रमांक छापू नका. त्या दिवशी कोणत्या भागात, किती वाजता, कशामुळे हवा बिघडली ते छापा. त्याला दोन फोन जास्त करावे लागतील.

आणि सिगारेटचा हिशेबही बंद करा. ‘आज मुंबईकराने इतक्या सिगारेटी ओढल्या’ हे वाक्य बर्कले अर्थ या संस्थेच्या २०१५ च्या एका ढोबळ तुलनेवरून आलं: दिवसभर २२ मायक्रोग्रॅम पीएम २.५ म्हणजे एक सिगारेट. मोठ्या लोकसंख्येतल्या मृत्यूंवरून काढलेलं ते प्रमाण. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला, दम्याच्या रुग्णाला ते लावता येत नाही. ऐकणारा एकदा हादरतो, दुसऱ्यांदा मान हलवतो, तिसऱ्यांदा ऐकतही नाही. आणि काय करायचं, हे तर त्याला पहिल्या वेळीही कळलेलं नसतं.

*

निर्देशांक काढताना आठ प्रदूषकांचा विचार होतो. प्रत्येकाचा उपनिर्देशांक निघतो आणि त्यातला सर्वांत मोठा तोच त्या केंद्राचा आकडा. बाकीचे मागे राहतात. म्हणून आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: तो कुणाचा आकडा आहे? पीएम १० चा असेल तर जवळपास धूळ उडते आहे. उकरलेला रस्ता, उघडा राडारोडा, आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटमधून झाकण न घालता निघालेले ट्रक. पीएम २.५ चा असेल तर बहुतेक वेळा काहीतरी जळतं आहे: डिझेल, कोळसा, कचरा, लाकूड. ओझोन असेल तर दुपारचं ऊन टाळायचं, कारण तो वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून तयार होतो आणि दुपारीच चढतो. तिन्हींसाठी सल्ला वेगळा आहे. घट्ट बसणारा एन-९५ मास्क कण अडवतो, ओझोन अडवत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कणही अडवत नाही. ‘मुंबईचा एक्यूआय १६५’ या बातमीत यातलं काय आहे?

आता या आठांबाहेरचं पाहू: मुंबईतलं माहुल. चेंबूरच्या पलीकडे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत वसलेली वस्ती. तानसा जलवाहिनीवरून हटवलेली कुटुंबं महापालिकेने तिथे नेऊन ठेवली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिन्याला १५ हजार रुपये भाडं द्या. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेसाठी चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. तो विषय प्रामुख्याने बेन्झिन, टोल्युइनसारख्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचा होता. बेन्झिनसाठी २००९ पासून राष्ट्रीय मानक आहे, वर्षाच्या सरासरीला ५ मायक्रोग्रॅम. पण निर्देशांकाच्या आठांत बेन्झिन नाही. म्हणजे माहुलमध्ये डोळे चुरचुरत असताना, डोकं दुखत असताना, फोनवर हिरवा रंग येऊ शकतो. तिथल्या एखाद्या बाईने तक्रार केली आणि समोरच्या अधिकाऱ्याने फोन उघडून तो हिरवा रंग दाखवला, तर तिने काय बोलायचं? तिचं नाक त्या आकड्यापेक्षा खरं सांगत असतं.

मुंबईचा आकडा म्हणून जो सांगतात तो शहरभरच्या केंद्रांची सरासरी. कुलाबा आणि गोवंडी एकत्र करून काढलेल्या सरासरीत कुणी राहत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीचा डोंगर पेटला, धुराचा पट्टा उपग्रहातून दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत शहराची सरासरी किती होती, याला गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या घरात काडीचं महत्त्व नव्हतं. शहराची सरासरी शहरभराच्या धोरणासाठी ठेवा. माणसाला त्याचं केंद्र सांगा, आणि ते त्याच्या घरापासून किती दूर आहे तेही सांगा.

जिथे केंद्रच नाही तिथलं काय? राज्यातल्या बहुतेक तालुक्यांत सतत मोजणारं एकही यंत्र नाही. खडी क्रशरच्या शेजारची वस्ती, पाचट पेटवलेल्या फडाच्या बांधावरचं ऊसतोड कामगारांचं खोपटं, वीटभट्टीवरची पोरं. तिथल्या गावाचं नाव ॲपमध्ये टाका, आकडा येतो. तो बहुतेकदा उपग्रहाच्या आणि गणिती प्रारूपाच्या आधाराने काढलेला अंदाज असतो. अंदाजाला माझी हरकत नाही, पण त्याला अंदाज म्हणा.

स्वस्त सेन्सरचंही तसंच आहे. ते लेझरचा प्रकाश कणांवर किती विखुरतो ते मोजतात, आणि हवा दमट झाली की कणांवर पाणी चढतं, धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात. कोकणपट्टीत ही मोठीच अडचण आहे. तरी मला ते सेन्सर हवे आहेत, गल्लोगल्ली हवे आहेत, कारण कचरा कुठे पेटला हे तेच आधी सांगतील. फक्त दमटपणाची दुरुस्ती करून आणि चांगल्या यंत्राशेजारी ठेवून तपासून घेतलेले हवेत.

आणि यंत्र बंद असेल तर? निर्देशांक काढायला चोवीसपैकी किमान सोळा तासांची मापं लागतात. २०२५ च्या दिवाळीत दिल्लीतल्या ३७ केंद्रांपैकी केवळ ९ सलग चालू होती, असं न्यायालयाच्या मदतनीस वकिलांनी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. वर्षातल्या सर्वांत वाईट रात्री मापच नसेल, तर दुसऱ्या दिवशीची सरासरी कशाची? फलकावर रिकामी जागा दिसली तर ती बातमी समजा, आणि विचारा: यंत्र किती तास बंद होतं, का होतं, कोण जबाबदार?

*

लोकांना हे सगळं कळणार नाही, म्हणून एक आकडा आणि एक रंग पुरे, असं अधिकारी म्हणतात. मला हे मान्य नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईकर काय शिकला पाहा. आज रिक्षावाल्यालाही माहीत असतं, की पाऊस किती यापेक्षा तो भरतीच्या वेळी पडतोय का, हे महत्त्वाचं. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आणि वेळा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ते वेळापत्रक पाहून लोक पाणी तुंबणारा हिंदमाताचा रस्ता टाळतात, ऑफिसातून लवकर निघतात, मुलांना शाळेतून आणतात. दोन गोष्टी जोडून निर्णय घेणं या शहराला येतं, कारण त्याला वेळ, ठिकाण आणि काय करायचं ते सांगितलं गेलं.

हवेचंही असं वेळापत्रक निघतं. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. थंडीत रात्री आणि पहाटे वारा मंद, जमिनीकडून समुद्राकडे. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार थर, त्यामुळे धूर वर जात नाही. दहा-अकरानंतर ऊन तापतं, थर मोडतो, दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि हवा हलते. खाऱ्या वाऱ्याला उशीर झाला किंवा तो कमजोर पडला, की शहराचा श्वास अडकतो. याचा अंदाज आधी बांधता येतो. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही यंत्रणा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत उभी केली, २०१३ मध्ये पुण्यात आणली, २०१५ मध्ये मुंबईत. हवेचा अंदाज देण्याचं ज्ञान पुण्यातल्या पाषाणमध्ये, या संस्थेत बसलेल्या माणसांकडे पंधरा वर्षांपासून आहे. वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर मात्र ते अजून आलेलं नाही.

मला हवंय ते एवढंच: रोज संध्याकाळी, प्रत्येक वॉर्डसाठी, मराठीत आणि हिंदीत तीन वाक्यं. ‘उद्या सकाळी सहा ते दहा बारीक कण जास्त राहतील. कारण वारा नाही आणि अमुक ठिकाणी कचरा पेटला आहे. शाळांनी कवायत दुपारी घ्यावी, दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा.’ मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, सोसायटीचे सचिव यांना हे मेसेजवर मिळालं, तर ते अमलात येईल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवली, कारण तिथे निर्देशांक दोनशेच्या वर गेला होता. तेव्हा प्रशासनाला आकड्यावरून कृती करता येते, विभागवार करता येते, हे सिद्ध झालेलं आहे.

‘घराबाहेर पडू नका’ हा सल्ला मात्र मला कुठल्याच फलकावर नको. तो घरात बसून पगार मिळणाऱ्यांसाठी आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला, सिग्नलवरच्या वाहतूक पोलिसाला, डिलिव्हरीच्या पोराला तो लागू नाही. आणि सर्वांत आधी सफाई कामगारांना लागू नाही. ते भल्या सकाळी हजेरी चौकीवर सही करतात आणि कोरडा झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात. हवा जमिनीलगत अडकलेली असते, ती हीच वेळ. आणि वर ते झाडलेली धूळ स्वतःच्याच तोंडासमोर उडवत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांच्या कामाची वेळ पुढे न्या, झाडण्याआधी रस्ता ओला करा, मास्क हजेरीच्या वेळीच हातात द्या. त्याला नवी यंत्रं लागत नाहीत, सल्लागार नेमावा लागत नाही. घनकचरा खात्याने काढलेलं एक परिपत्रक पुरेल, आणि ते पुढच्या थंडीच्या आधी निघायला हवं.